बॉम्ब दोन का? (नववीतल्या एका मुलीचा प्रश्न, आणि माझाही)

खडूफळा

नमस्कार. मी अठरा वर्षं शाळेत इतिहास शिकवते आहे. दुसऱ्या महायुद्धावर एक प्रश्न मी जवळजवळ दरवर्षी काढते: 'जपानने शरणागती का पत्करली?' दोन गुण. अपेक्षित उत्तर असं: 'अमेरिकेने हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकले, त्यामुळे जपान शरण आला.' ही ओळ दिसली की बरोबरची खूण करायची आणि पुढचा पेपर हातात घ्यायचा. अशा किती खुणा केल्या असतील, मोजदाद नाही.

गेल्या आठवड्यात हा धडा संपत आला तेव्हा एका मुलीने हात वर केला. ती एरवी वर्गात फारशी बोलत नाही. म्हणाली, "बाई, पहिला बॉम्ब टाकल्यावर त्यांनी विचारलं का, आता थांबता का म्हणून?" मी म्हटलं, विचारलं असेल. "मग जपानी लोक काय म्हणाले?" मला उत्तर येत नव्हतं. घंटा झाली. मुलं उठली, पण ती तशीच उभी होती.

घरी येऊन मी तारखा कागदावर मांडल्या. सगळ्या मला माहीत असलेल्याच तारखा, पण एकाखाली एक लिहून कधी पाहिल्या नव्हत्या. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चाचणी. २६ जुलैला मित्रराष्ट्रांचा पॉट्सडॅमचा जाहीरनामा: बिनशर्त शरण या, नाहीतर तात्काळ आणि संपूर्ण विनाश. ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमा. तो अणुबॉम्बच होता का, याची खात्री करायला जपान सरकारने योशिओ निशिना या शास्त्रज्ञाला पाठवलं. ते ८ तारखेला हिरोशिमात पोचले आणि होय म्हणाले. ९ तारखेला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकी.

म्हणजे 'होय, हा अणुबॉम्बच आहे' हे टोकियोला नीट कळल्यापासून दुसरा पडेपर्यंत एक रात्र गेली होती.

मग मी मूळ आदेश शोधून वाचला आणि तो वाचल्यापासून झोप नीट लागलेली नाही. आदेश २५ जुलैचा आहे. जपानला इशारा दिला २६ ला, आदेश निघाला त्याच्या आदल्या दिवशी. सही हंगामी लष्करप्रमुख थॉमस हँडी यांची. मजकूर पानभरसुद्धा नाही. पहिलं कलम: ३ ऑगस्टच्या सुमारानंतर हवा स्वच्छ मिळाली की पहिला 'खास बॉम्ब' हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी यांपैकी एकावर टाकावा. दुसरं कलम: पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे याच शहरांवर टाकत जावेत. 'जपानचं उत्तर येईपर्यंत थांबा' असं त्यात नाही. दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळा हुकूम लागतच नव्हता. पहिल्या हुकमातच तो होता.

दुसरा खरं तर ११ तारखेला टाकायचा होता. पुढचे दिवस हवा बिघडणार असा अंदाज आला म्हणून ९ ला उरकला. विमान गेलं कोकुरावर. तिथे ढग आणि धूर, खालचं काही दिसेना. तीन फेऱ्या मारल्या आणि ते नागासाकीकडे वळलं. त्या वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली.

अमेरिका वाईट की जपान वाईट, हे मला विचारायचं नाही. चीनमधल्या नानकिंगमध्ये जपानी सैन्याने काय केलं ते मी शिकवते. विचारायचं आहे ते असं: युद्ध संपवण्यासाठी अण्वस्त्र वापरणं एखाद्या प्रसंगी नीतीला धरून असू शकतं, हे क्षणभर मान्य केलं, तरी नागासाकी त्यात बसतं का? जो म्हणतो 'मी हे थांबवण्यासाठी करतोय', त्याने समोरचा थांबला का ते पाहायला नको का? बसत नसेल, तर माझ्या त्या दोन गुणांच्या उत्तरातला 'त्यामुळे' हा शब्द मी कुठल्या तोंडाने शिकवायचा?

मंगळवारी त्या वर्गावर पुन्हा माझा तास आहे.

निवृत्त_मेजर

ताई, प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून मीही मनापासून लिहितो. माझं मत तुम्हाला आवडणार नाही.

माझे चुलत आजोबा फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापुरात पकडले गेले. त्या वेळी चाळीस हजारांवर हिंदी सैनिक जपान्यांच्या ताब्यात गेले. त्यातले बरेच जण आझाद हिंद सेनेत गेले. त्यांचा तो निर्णय होता आणि त्याबद्दल मला आदर आहे. आजोबा गेले नाहीत. अशा हजारो जणांना जहाजात कोंबून न्यू गिनीच्या बाजूला मजुरीला नेलं. आजोबा रबौलला होते. धावपट्ट्यांसाठी माती वाहायची, उपाशीपोटी, मलेरियाच्या तापात. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये, शरणागतीनंतर, ऑस्ट्रेलियन फौज तिथे पोचली तेव्हा ते चालू शकत नव्हते. मला ते स्वतः सांगायचे, "आणखी एक पावसाळा निघाला नसता." यापलीकडे त्यांनी त्या वर्षांबद्दल काही सांगितलं नाही. मी खूप विचारायचो.

म्हणून 'युद्ध आणखी काही महिने चाललं असतं तर काय बिघडलं असतं' असा सूर लागला की मला ते काही महिने दिसतात. चीनमध्ये लोक रोज मरत होते. इंडोनेशियात, व्हिएतनाममध्ये भुकेने मरत होते. मलायाच्या किनाऱ्यावर उतरायला आपल्या हिंदी तुकड्या सज्ज होत्या, सप्टेंबरची तारीख ठरलेली होती. त्या उतरल्या, पण युद्ध संपल्यावर. त्यातले किती जण घरी आले ते बॉम्बमुळे आले, असं म्हणणाऱ्याला मी खोटं पाडू शकत नाही.

ओकिनावा बघा. एप्रिल ते जून, एक बेट घ्यायला तीन महिने. अमेरिकेचे बारा हजारांवर मेले, जपानचे साधारण लाखभर सैनिक, आणि जवळजवळ तेवढेच तिथले सामान्य रहिवासी. त्यांच्यातल्या अनेकांना जपानी सैन्याने शरण जाऊ दिलं नाही. पुढची पायरी होती खुद्द जपानचं क्यूशू बेट, १ नोव्हेंबरला. टेबलावर हे आकडे असताना हातातलं शस्त्र बाजूला ठेवणारा सेनापती मला दाखवा. मी बावीस वर्षं नोकरी केली. आपली पोरं वाचवणारा रस्ता हातात असताना तो न घेणं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. खरं सांगायचं तर कुणी शिकवलं असतं तर मी ऐकलंही नसतं.

आणि जपान दुसऱ्या बॉम्बशिवाय थांबला असता याला पुरावा काय? दोन बॉम्ब पडले, रशिया जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसला, खुद्द सम्राट म्हणाला आता पुरे, आणि तरीही १४ ऑगस्टच्या रात्री लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी राजवाडा ताब्यात घेऊन सम्राटाच्या भाषणाच्या ध्वनिमुद्रिका शोधल्या, ते प्रसारित होऊ नये म्हणून. अशा लोकांना 'थांबता का?' विचारून काय मिळणार होतं?

पोटकलम

मेजरसाहेब, तुमच्या आजोबांबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्यांच्या जगण्यासमोर कायद्याचं बोट ठेवावं असं वाटत नाही. पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट निसटते आहे. मी व्यवसायाने वकील आहे, तेव्हा ती माझ्या पद्धतीने मांडतो.

लढाईत निष्पाप माणूस मरणं वेगळं आणि निष्पाप माणसाच्या मरणाचा वापर करणं वेगळं. दारूगोळ्याचा कारखाना उडवताना शेजारचं घर गेलं तर ते भयंकर आहे, पण ते घर पडावं हा हेतू नव्हता. हिरोशिमात मात्र शहराचं जाणं हाच निरोप होता. तिथे लष्करी मुख्यालय होतं हे खरं. पण नेम धरला होता शहराच्या मधोमध असलेल्या आयोइ पुलावर, कारण तो वरून ओळखायला सोपा होता. ३१ मेच्या बैठकीत अमेरिकेच्या सल्लागार समितीने ठरवलं की उत्तम लक्ष्य म्हणजे असा कारखाना, ज्यात पुष्कळ कामगार असतील आणि ज्याच्या चहूबाजूंनी कामगारांची घरं असतील. ही घरं नेमात आपोआप आलेली नाहीत. बघून, विचार करून ती लक्ष्यात धरली. ओलिसाच्या गळ्यावर सुरी ठेवून त्याच्या बापाकडून सही घेणं आणि हे, यात मला प्रकाराचा फरक दिसत नाही, फक्त संख्येचा दिसतो.

बॉम्ब टाकले तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना १९५६ मध्ये ऑक्सफर्डने मानद पदवी दिली तेव्हा एलिझाबेथ अँस्कम या तत्त्वज्ञ बाईंनी उघड विरोध केला. त्यांचा मुद्दा आजही तितकाच टोकदार आहे: 'नाहीतर लाखो मेले असते' हे गणित खरं का ठरतं? कारण आधी बिनशर्त शरणागतीचा हट्ट धरला. म्हणजे अट आपणच घालायची आणि तिची किंमत दाखवून बॉम्ब योग्य ठरवायचा. पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात सम्राटाचं पद राहू शकेल असं सुचवणारं वाक्य होतं. ते काढलं. युद्धानंतर सम्राट राहिलाच.

ताईंच्या मूळ प्रश्नावर: ९ ऑगस्टला जपानच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक सुरू झाली ती रशियाने युद्ध पुकारल्यामुळे. सहा जण होते. बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आली. त्याआधी तीन विरुद्ध तीन, त्यानंतरही तीन विरुद्ध तीन. कोंडी फुटली ती मध्यरात्रीनंतर सम्राटाने कौल दिल्यावर. नागासाकीने त्या खोलीतलं एकही मत हलवलेलं दिसत नाही. मग ते सत्तर हजार कशासाठी गेले?

१९९६ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे युद्धाच्या कायद्याविरुद्ध आहे, पण देशाचं अस्तित्वच पणाला लागलं असेल तर काय, हे ठामपणे सांगता येत नाही. न्यायाधीश सात-सात होते, अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते मंजूर झालं. मला ती पळवाट पटत नाही. पण ती धरली तरी १९४५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचं अस्तित्व पणाला लागलेलं नव्हतं. तेव्हा 'युद्ध लवकर संपावं' या कारणासाठी त्या पळवाटेतही जागा नाही.

निवृत्त_मेजर

वकीलसाहेब, टोकियोचं काय करता? १० मार्चच्या एका रात्रीत साध्या आगलाव्या बॉम्बांनी लाखभर माणसं जाळली. त्यावर कुणी असे धागे काढत नाही.

पोटकलम

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि काढायला हवेत. रेषा मार्चमध्येच ओलांडली गेली होती. म्हणूनच जुलैत तो आदेश इतक्या सहज लिहिता आला असं मला वाटतं.

कांजी

मी जपानीतून यंत्रांची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत आणते. इतिहासाची अभ्यासक नाही. एकदा कामासाठी गेले असताना दोन दिवस हिरोशिमात राहिले होते. दोन-तीन गोष्टी भाषेच्या अंगाने सांगाव्याशा वाटतात.

ताईंच्या 'त्यामुळे'बद्दल आधी. १५ ऑगस्टला सम्राटाने रेडिओवरून जनतेला जे सांगितलं, त्यात शत्रूच्या नव्या, अत्यंत क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे, रशियाचा नाही. दोन दिवसांनी, १७ तारखेला, सैनिकांसाठी वेगळं फर्मान निघालं. त्यात रशिया युद्धात उतरल्याचा उल्लेख आहे, बॉम्बचा नाही. एकच माणूस, एकच निर्णय, दोन श्रोते, दोन कारणं. बॉम्बपुढे हरणं हे लोकांना सांगायला सोपं होतं. सैनिकांना ते पुरलं नसतं. म्हणून परीक्षेतलं उत्तर हे त्यांच्या पहिल्या फर्मानातलं उत्तर आहे, एवढं मुलांना सांगता येईल.

दुसरी गोष्ट संग्रहालयातली. एका बँकेच्या दगडी पायऱ्या तिथे आणून ठेवल्या आहेत. सकाळी सव्वाआठला बँक उघडायची वाट बघत कुणीतरी पायरीवर बसलं होतं. आजूबाजूचा दगड उष्णतेने पांढुरका झाला, त्या माणसाच्या आडोशाचा तेवढा काळसर राहिला. मी तिथे उभी होते तेव्हा मागे शाळेची सहल आली होती. त्यांच्या शिक्षिका मुलांना काहीच समजावत नव्हत्या, फक्त पुढे जायची घाई करू देत नव्हत्या. पुढच्या दालनात शाळेच्या मुलांचे गणवेश, डबे. त्या सकाळी बारा-तेरा वर्षांची हजारो मुलं आगीचे पट्टे तयार करायला घरं पाडण्याच्या कामावर उघड्यावर होती. त्यातली सहा हजारांच्या आसपास मेली. लक्ष्य कोण होतं या चर्चेत मला ते डबे आठवतात. नववीच्या आतली मुलं होती ती, ताई.

तिसरी गोष्ट स्मारकावरचा लेख. जपानीत तो असा आहे: शांतपणे विसावा, ही चूक पुन्हा करणार नाही. कोण करणार नाही? जपानीत तिथे कर्ताच नाही. मराठीतही बघा, 'करणार नाही' म्हटलं की मी, आम्ही, तो, यांपैकी कुणीही असू शकतो. इंग्रजीत आणताना कर्ता घालावाच लागतो. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात वेगळा निकाल देणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ मध्ये तिथे गेले होते. त्यांनी आक्षेप घेतला: बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग चूक कबूल कुणी करायची? लेख लिहिणारे प्राध्यापक ताडायोशी साइका यांचं म्हणणं, हे सगळ्या माणसांच्या वतीने आहे. तो वाद अजून मिटलेला नाही. मी भाषांतर करणारी बाई. कर्ता सापडला नाही तर मला काम पुढे नेता येत नाही. त्या दगडासमोर मी अर्धा तास उभी होते आणि मला तो ठरवता आला नाही.

खडूफळा

तुम्हा सगळ्यांची मनापासून आभारी आहे. मेजरकाका, तुमच्या आजोबांचं वाक्य वर्गात सांगितलं तर चालेल का? गाव, पलटण, नाव काहीही सांगणार नाही.

तुमच्या प्रश्नाला, की विचारून काय मिळालं असतं, माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित 'नाही' मिळालं असतं. पण नकार मिळाल्यावर बॉम्ब टाकणं आणि विचारायच्या आधीच टाकणं, यातला फरक मला सोडता येत नाही. न विचारता टाकला की समोरच्याचं उत्तर काय होतं हे कायमचं नाहीसं होतं. आज तुम्ही आणि वकीलदादा ज्या 'असतं-नसतं'वर भांडताय, ते त्या तीन दिवसांत पुरलं गेलं.

आणखी एक सापडलं, ते इथे ठेवते. १० ऑगस्टला ट्रूमन यांनी हुकूम दिला की यापुढे राष्ट्राध्यक्षांच्या परवानगीशिवाय बॉम्ब टाकायचा नाही. तिसरा आठवडाभरात तयार होणार होता. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ते म्हणाले की आणखी एक लाख माणसं पुसून टाकण्याचा विचार फार भयंकर आहे, ती सगळी मुलं... हे त्यांचे व्यापारमंत्री हेन्री वॉलेस यांनी त्याच दिवशी रोजनिशीत नोंदवलं आहे. म्हणजे थांबवता येत होतं. एका माणसाने 'मला विचारल्याशिवाय नाही' म्हणणं पुरेसं होतं. ते म्हणायला नागासाकी व्हावं लागलं. हे वाचून मला त्यांचा राग यायचा तो आला नाही, आणि का आला नाही हेही कळत नाही.

निवृत्त_मेजर

सांगा, ताई. जरूर सांगा. फक्त 'आणखी एक पावसाळा' असंच सांगा, 'काही महिने' म्हणू नका.

नागासाकीबद्दल मी अजून विचार करतोय. हिरोशिमाबद्दलचं मत बदललेलं नाही. पण त्या आदेशाचं दुसरं कलम मी आज पहिल्यांदा वाचलं. 'तयार होतील तसतसे.' मी आयुष्यात बरेच हुकूम लिहिले. गोळीबार सुरू करायचा हुकूम लिहिताना तो कधी थांबवायचा हे त्यातच लिहायचं, ही पहिली शिकवण. ते त्यात नाही. हे मला टोचतंय.

खडूफळा

आज तास झाला. त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं की तू विचारलेलं त्यांनी विचारलं नव्हतं. मग आदेशाची दोन कलमं मराठीत फळ्यावर लिहिली आणि शेजारी मेजरकाकांच्या आजोबांचं वाक्य. कांजीताईंनी पाहिलेल्या त्या डब्यांबद्दलही सांगितलं. मुलं एरवी लिहून घ्यायला घाई करतात, आज कुणी वही उघडली नाही. एक मुलगा म्हणाला, "पण बाई, आजोबा तर वाचले ना." दुसरी म्हणाली, "आणि डबेवाली मुलं?" त्यावर दोघंही गप्प झाली. मीही मध्ये बोलले नाही.

घटक चाचणीचा प्रश्न बदलला आहे. आता तो असा आहे: '६ ते १५ ऑगस्ट १९४५ या दिवसांत काय काय घडले ते तारखांनुसार लिहा आणि जपानच्या शरणागतीची तुम्हाला वाटणारी कारणे सांगा.' पाच गुण. विभागप्रमुखांनी विचारलं, आदर्श उत्तर कुठे आहे, तपासणार कसं? मी म्हटलं, सगळे पेपर मी स्वतः वाचेन.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. कोकुराच्या लोकांना हे केव्हा कळलं, असं विचारत होती.